विचारून उतरवलेलं पाणी

तालुक्याच्या कोर्टात हरल्यावर बाबांनी सगळ्यात आधी काय ठरवलं असेल तर हे, की अपिलासाठी वकील करायचा तो ज्यानं आपल्याला हरवलं त्यालाच. घरात कुणी हसलं नाही, कारण बाबा अगदी गंभीर होते. "त्याच्यात दम हाये," ते म्हणाले. "आपल्या वकिलाले त्यानं उभंच नाही राहू देल्लं. मंग असा मानूस सोडून दुसरीकडं कायले जावं?"

मी तेव्हा भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत नोकरीला होते. जिल्हा नुकताच फुटला होता. आमच्या कचेरीतली निम्मी कपाटं गोंदियाला गेली होती आणि उरलेली माणसं आपलीही बदली तिकडं होते की काय या धास्तीत होती. आमचं गाव लाखांदूरकडचं. तिथून बाबा सकाळची एसटी धरून आले, स्टँडवर चहा न घेता थेट माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "चाल बाई, वकिलाकडं जाऊ." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सरकारी नोकरीतली मुलगी बरोबर असली की वकील नीट बोलतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

तो वकील भंडाऱ्याचाच, तालुक्याला तारखांपुरता जाणारा. त्यानं बाबांना लगेच ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. बाबांनी त्याची तोंड भरून स्तुती केली आणि मग कागदांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. वकिलाला काय चाललंय ते कळायला थोडा वेळ लागला.

"अहो भाऊ, मी त्यांचा वकील आहे."

"त्यायची केस तं झाली ना," बाबा म्हणाले. "जिंकले ते. आता आमची घ्या."

वकील भला होता. हसू आवरून त्यानं आम्हाला दारापर्यंत पोचवलं आणि असं कुठं चालत नाही एवढंच सांगितलं. रस्त्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "मानूस चांगला हाये, पन अडून राहिला." मला हसूही आलं आणि रागही. बाबांच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं.

केस होती पाण्याची, आणि विरुद्ध बाजूला होते मोठेबाबा, म्हणजे बाबांचे चुलत मोठे भाऊ. आमच्याकडं शेत उतारावर असतं. वर बोडी, म्हणजे पाणी साठवायचं लहानसं तळं, आणि तिच्या खाली पायरीपायरीनं उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बोडी दोन्ही घरांची सामाईक. तिच्या लगेच खाली मोठेबाबांची बांधी आणि तिच्या खाली आमची. आमच्या बांधीला पाणी हवं असेल तर ते मोठेबाबांच्या बांधीतूनच यायचं, दुसरी वाट नव्हती. आधी त्यांची बांधी भरायची, मग मधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून पाणी आमच्यात उतरवायचं, आणि झालं की चिखल थापून धुरा पुन्हा बांधून टाकायचा. आजोबांच्या आधीपासून हे असंच चाललं होतं.

फक्त धुरा फोडायच्या आधी विचारायचं. पोळा होऊन गेला की धानाला पाण्याची ओढ लागते, पाऊस तेव्हाच हात आखडता घेतो. मग बाबा सकाळी मोठेबाबांच्या अंगणात जाऊन उभे राहायचे. "दादा, पानी उतरवू का?" मोठेबाबा बाजेवर बसून दात घासत असायचे. तोंडातली काडी काढून म्हणायचे, "उतरव." कधी म्हणायचे, "परवा उतरव, काल खत टाकलं." कारण खत टाकल्या टाकल्या पाणी हललं तर सगळं खत पाण्याबरोबर खालच्या बांधीत जातं. मग बाबा दोन दिवस थांबून पुन्हा जायचे. लहानपणी मी कितीदा त्यांच्याबरोबर गेले असेन. त्यांची बायको, मोठी आई, माझ्या हातावर गूळ ठेवायची. त्या विचारण्याला काही मोल आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

एका वर्षी बाबा तापानं अंथरुणाला खिळले होते. माझा भाऊ नागपूरला कंपनीत होता, तो चार दिवसांसाठी आला आणि आल्या आल्या शेतावर गेला. धान सुकायला लागलेला पाहून त्यानं फावडं घेतलं आणि धुरा फोडला. मोठेबाबांनी आदल्याच दिवशी खत टाकलं होतं. ते अंगणात वाट पाहत बसले होते म्हणे, की आज नाहीतर उद्या कुणीतरी येऊन विचारेल. शेवटी ते शेतावर गेले तर आपलं खत खाली वाहून चाललेलं. त्यांनी स्वतःच धुरा बांधला, वर दगडांची रास घातली आणि घरी आले. बाबा बरे होऊन माफी मागायला गेले तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "ज्यानं फोडला त्याले पाठव." भाऊ नागपूरला निघून गेला होता आणि एवढ्यासाठी येणार नव्हता. दुसऱ्या वर्षीही दगड हलले नाहीत. मग बाबा कोर्टात गेले.

तिथं उलटतपासणीत त्यांना विचारलं, पाणी घेण्याआधी तुम्ही प्रतिवादीला, म्हणजे तुमच्या भावाला, विचारत होता का? बाबांची मान ताठ झाली. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "हो साहेब. दरसाल विचारलं. न विचारता एक थेंब नाही घेतला. आमी काही चोर नाही." आमच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. बाबांना वाटलं, आपण बाजी मारली.

निकालात लिहिलं होतं की वादी स्वतःच कबूल करतो की तो दरवर्षी परवानगी घेत होता. परवानगीनं घेतलेलं पाणी म्हणजे हक्क नव्हे. दावा फेटाळण्यात येतो.

मला तो निकाल वाचताना पटला होता, हे मी लपवत नाही. कचेरीत दिवसभर अर्ज मंजूर-नामंजूर होताना पाहणाऱ्या माणसाला तो पटण्यासारखाच होता. जो अर्ज करतो त्याच्याकडं हक्क नसतो, म्हणून तर तो अर्ज करतो. बाबांना मात्र कुणी कितीही समजावलं तरी सभ्यपणानं वागल्याबद्दल माणूस हरतो कसा, हे कळत नव्हतं.

दुसरा वकील मला आमच्या हेडक्लार्कनं सुचवला. म्हातारा, फक्त जमिनीची अपिलं चालवणारा. त्याची बैठक घराच्या मागच्या खोलीत होती. पुढं मुन्शी बसायचा, आत साहेब. त्याची रीत अशी, की पक्षकारानं आधी सगळं तोंडानं सांगायचं, पिशवी उघडायची नाही. तो अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकायचा. बाबा सांगताना तीन पिढ्या मागं गेले, बोडी कुणी खोदली इथपासून. मी दोनदा खाकरले. वकिलानं माझ्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे बोलू द्या.

सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्ही विचारायला काहून जात होते? नाही म्हटलं असतं तर काय केलं असतं?"

"नाही कसा म्हनन?" बाबा म्हणाले. "पानी तं सगळ्यायचंच हाये. खत टाकलं असन तर वाहून जाईन ना त्याचं. म्हनून विचारावं लागते."

वकिलानं अडकित्ता खाली ठेवला. मग पिशवी उघडायला सांगितली आणि नकलांमधून मोठेबाबांची साक्ष काढून वाचायला लागला. ती साक्ष आम्ही सगळ्यांनी कोर्टात बसून ऐकली होती. मोठेबाबा माझ्या भावावरच्या रागानं बोलत होते, त्यामुळं आमचं लक्ष त्यांच्या रागाकडंच होतं. वकिलानं मात्र एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं: तो दरवर्षी येऊन विचारायचा, मी खत टाकलं असेल तर दोन दिवसांनी ये म्हणायचो, पाण्याला मी कधी नाही म्हटलं नाही, म्हणणार तरी कसा.

"म्हणणार तरी कसा," वकील पुन्हा म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "झालं. ज्याला नाही म्हणता येत नाही तो परवानगी कसली देणार? हे विचारणं म्हणजे फक्त वेळ ठरवणं. अपील इथंच उभं राहते."

बाबांना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, "दादा खरं बोलला."

"म्हणून तर आपल्या कामाचं."

वकीलपत्रावर बाबांनी सही केली. ते सही हळूहळू, एकेक अक्षर कोरून करायचे. मुन्शीनं कागद ओढून घेतल्यावर वकिलानं चष्मा काढला आणि सांगितलं, की आता एक गोष्ट नीट ऐका. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्यांच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. पाण्याचं विचारायचं नाही. स्वतः नाही, बायकोनं नाही, कुणाच्या हातानं निरोप नाही. "तुम्ही पुन्हा विचारलं की त्यांचा वकील उठून सांगन, बघा साहेब, अजूनही परवानगी मागून राहिले. मग मला काही करता येणार नाही."

"आन् धान सुकला तं?"

"तात्पुरत्या हुकमासाठी अर्ज देतो मी. मिळाला तर ठीक. नाही तर सुकू द्या. नुकसान झालं तेही दाखवता येईन."

मी बाबांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना म्हणाले, "नुकसान दाखवता येते म्हनते." मी म्हटलं, वकील हुशार आहे, तो सांगतो तसं करा. तेव्हा मला तो खरंच फार हुशार वाटला, आणि तो होताही.

त्या वर्षी पोळ्यानंतर आभाळ कोरडंच राहिलं. तात्पुरत्या हुकमाचा अर्ज तारखांमध्ये अडकला होता. बोडीत पाणी होतं, मोठेबाबांची बांधी काठोकाठ भरलेली होती आणि त्यांच्या धुऱ्याखाली आमच्या बांधीला भेगा पडत होत्या. बाबांचा शेतावर जायचा रस्ता मोठेबाबांच्या अंगणावरून होता. तो सोडून ते तळ्याच्या पाळीवरून, काठाकाठानं, लांबचा फेरा घालून जायला लागले. एकदा गावातल्या दुकानातून त्यांनी माझ्या कचेरीत फोन केला. आमच्याकडं फोन साहेबांच्या टेबलावर होता, त्यामुळं मी उभ्यानंच घेतला.

"बाई, एक डाव वकिलाले विचारून पाय. नुसता जाऊन उभा राहिलो, तोंडानं काही नाही बोललो, तं चालन का?"

मी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, नाही चालणार. मी तसं कळवलं.

आईची आणि मोठेबाबांची गाठ एकदा गिरणीवर पडली. ते तिला म्हणाले, "त्याले सांग ना, विचार म्हनावं. मी कधी नाही म्हटलं काय? रोज बसून राहतो मी अंगनात." आईनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून निजले. आई मला हे सांगताना वकिलाला शिव्या देत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आईचं बरोबर आहे. पण वकीलपत्रावर सही झाली होती, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही ही बाबांची सवय होती, मग तो वकिलाला दिलेला का असेना.

धान पोटरीत आलेला तसाच वाळला. तो कापून बैलांपुढं टाकला. वकिलानं फोटो काढून आणायला सांगितलं होतं, तेही काढले.

अपिलाची सुनावणी बराच काळ चालली, पण युक्तिवादाला एकच दिवस लागला. मी रजा काढून गेले होते. मोठेबाबा एकटेच आले होते, धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो, मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून. आमच्या म्हाताऱ्या वकिलानं ती ओळ वाचून दाखवली. पाण्याला मी कधी नाही म्हटलं नाही, म्हणणार तरी कसा. मोठेबाबांनी मान डोलावली. हो, असंच बोललो होतो मी, अशी. त्यांच्या वकिलानं वळून त्यांच्याकडं पाहिलं तेव्हा त्यांना आपलं काहीतरी चुकलं हे जाणवलं. बाहेर व्हरांड्यात ते त्याला विचारत होते, "मंग खोटं बोलाचं होतं काय मी?"

अपील मंजूर झालं. बाबांना पाण्याचा हक्क मिळाला. मोठेबाबांनी त्या पाण्याला अडथळा करू नये, दगड काढावेत, असा हुकूम निघाला. बाबा खरं बोलून खालच्या कोर्टात हरले होते आणि मोठेबाबा खरं बोलून वरच्या. मुन्शीनं पेढे मागितले. आम्ही ते स्टँडवरच्या दुकानातून आणून दिले आणि बाबांनी त्यातला एकही खाल्ला नाही. गोड आपल्याला चालत नाही, म्हणाले. त्यांना गोड फार आवडायचं.

गावात मोठेबाबांनी दगड स्वतःच्या हातांनी काढले. हुकूम घेऊन कुणी यायची वाट पाहिली नाही.

पुढच्या पोळ्यानंतर मी सुट्टीला गावी होते. बाबा सकाळी उठले, स्वच्छ बंडी घातली आणि निघाले. मी विचारलं, कुठं? "दादाकडं," ते म्हणाले. "पानी उतरवाचं हाये." मी म्हटलं, बाबा, आता विचारायची गरज नाही, कोर्टानंच तसं लिहून दिलंय. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी मागोमाग गेले. किती वर्षांनी आम्ही दोघं त्या अंगणात उभे होतो.

मोठेबाबा बाजेवर बसले होते. तोंडात काडी होती.

"दादा, पानी उतरवू का?"

त्यांनी काडी काढली. बाबांकडं पाहिलं. रागावलेले वाटत नव्हते, थकलेले वाटत होते.

"मले कायले विचारतेस?" ते म्हणाले. "कोर्टाले विचार."

आणि उठून आत गेले. मोठी आई दारात होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तीही आत गेली.

बाबा तो दिवसभर घरीच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेले आणि धुरा फोडला. पाणी खळखळत आमच्या बांधीत उतरायला लागलं. मग त्यांना वरच्या बांधीच्या कोपऱ्यात, काठीला अडकवून वाळत घातलेली खताची रिकामी चुंगडी, म्हणजे पोती, दिसली. ते फावडं टाकून धावले, दोन्ही हातांनी चिखल ओढून धुरा बंद करायला लागले, मीही वाकले. पण फोडलेला धुरा वाहत्या पाण्यात हातांनी बांधून होत नाही. तो बंद होईपर्यंत जायचं ते गेलं होतं. बाबा चिखलातच बसले. मी त्यांना रडताना दोनदाच पाहिलंय, त्यातलं हे एक.

त्या वर्षी गावात आमच्या खालच्या बांधीइतका काळाभोर हिरवा धान कुणाचाच नव्हता. वरची बांधी पिवळी पडली होती. रस्त्यानं जाणारे थट्टेनं म्हणायचे, कोर्टाचं पाणी मानवलं. बाबा तिकडं बघत नसत.

मोठेबाबा आता नाहीत. त्यांचा मुलगा वरची बांधी ठेक्यानं देतो आणि गावात राहत नाही; ठेकेदारही दुसऱ्या गावचा, खत टाकून निघून जातो. पाणी आमच्या हक्काचं आहे, निकालाची नक्कल आईच्या पेटीत आहे. बाबांचे गुडघे गेलेत, तरी पाणी उतरवायच्या आदल्या दिवशी ते पायजमा वर खोचून वरच्या बांधीत उतरतात. धानाच्या बुंध्याशी वाकतात, चिखलात बोटं घालतात आणि खताचे दाणे हाताला लागतात का ते चाचपत राहतात. आई धुऱ्यावर उभी राहून ओरडते, "झालं ना आता, या वर." ते येत नाहीत, पुढच्या ओळीत जातात. विचारायला आता कुणी नाही.